रांगेत राहिलेली गाडी

डोरिना अवुओर यांची मोटरसायकल जिवंत असताना बाजारात पंचावन्न हजार शिलिंगांच्या वर कुणी घेतली नसती. मेल्यावर तिचे शहाण्णव हजार येणार होते. विमा कंपनीचा नुकसान-तपासनीस म्हणून, पॉलिसीतल्या रकमेवरून, हा आकडा मीच काढला होता. तो ऐकताना डोरिनामावशींनी चेहरा जितका दुःखी ठेवला, तितका मी नवरा गेलेल्या बायांचाही पाहिलेला नाही.

"फार गुणी गाडी होती हो," त्या म्हणाल्या. "चेक कधी मिळेल?"

गाडी आहेरो गावच्या नाक्यावर प्रवासी घेऊन भाड्याने चालायची. चालवायचा ओसेवे. रोज संध्याकाळी तो मावशींच्या खिडकीत चारशे शिलिंग ठेवायचा, वर सुटेल ते त्याचं. उसाचा ट्रेलर उलटा मागे घेताना गाडी चाकाखाली सापडली. सांगाडा वाकला, इंजिन फुटलं, ओसेवेचा उजवा पाय मोडला. चेकच्या पैशांतून मावशी नवी गाडी घेणार आणि पाय बरा झाला की ती ओसेवेच चालवणार, असं ठरलं होतं. तोवर त्याच्या घरची चूल माझ्या कागदांवर अवलंबून होती.

कागद काही अवघड नव्हते. नंबरप्लेट आणि नोंदणीचं पुस्तक मावशींनी आम्हाला द्यायचं, आम्ही सरकारी कचेरीतून नोंदणी रद्द करून आणायची, मग चेक. त्यानंतर ते मोडकं धूड कंपनीच्या मालकीचं. पुस्तक मावशींनी पहिल्याच दिवशी दिलं. प्लेट मात्र देईनात. आज ती पुसून ठेवायची होती, उद्या चर्चची सभा होती, परवा गुडघे दुखत होते. शहाण्णव हजार घ्यायचे असलेलं माणूस पत्र्याच्या तुकड्यासाठी इतकं रेंगाळत नाही. एका संध्याकाळी मी स्वतःच गेलो.

चहा झाला. मावशी कप विसळायला आत गेल्या. मी खिडकीशी बसलो होतो. अंगणात कोंबड्यांखेरीज कुणी नव्हतं. मान वळवून पुन्हा पाहिलं तेव्हा चौकटीत दोनशेच्या दोन नोटा होत्या. ओलसर, पेट्रोलचा वास येणाऱ्या.

"हे कुणी ठेवले, मावशी?"

"ओसेवे आहेच तसा. शब्दाचा पक्का."

"ओसेवे अंथरुणावर आहे."

"मग त्याच्या वतीने कुणी ठेवत असेल. आलेल्या पैशाला मी नाव-गाव विचारत बसू?" त्यांनी नोटा झग्यात खोचल्या, इतक्या सवयीने, की हे रोजचंच असणार. प्लेट का निघत नव्हती तेही मला कळलं. ती घरात होती तोवर मेलेली गाडी कमावत होती.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कुणीतरी कुणालातरी फसवतंय, एवढ्यावर माझा पगार चालतो. म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ओसेवेकडे गेलो. भाताच्या खाचरांमागे त्याची पत्र्याची खोली. त्याची बायको रोझलिडा दारात ओमेना निवडत होती. त्या बोटभर माशांचा ढीगही बोटभरच होता.

"झोपलाय," ती म्हणाली. "या, बघा तरी."

तो उताणा झोपला होता. गालांची हाडं वर आली होती. उजवी मूठ आवळलेली होती आणि मनगट सावकाश मागे-पुढे फिरत होतं, चढावर गाडीचा ॲक्सिलरेटर पिळावा तसं. माझी नजर प्लास्टरकडे गेली. टाचेखाली ते झिजून कापड दिसायला लागलं होतं आणि झिजलेल्या खाचेत लाल मुरूम ठासून बसला होता.

"चालतो का हा?"

"मोरीपर्यंत जायला माझा खांदा लागतो, साहेब. मी रोज घासते. रोज पुन्हा भरतो."

तो जागा झाला. "आला चेक?"

"येईल. तू मावशींना पैसे पाठवतोस का रे?"

"मी?" तो हसला, पण हसण्यानेही दमला. "मीठ उधारीवर चाललंय, साहेब. दिवसभर झोपतो आणि दिवसभर दमतो. एकदा नवी गाडी हातात येऊ द्या, आपोआप बरा होईन."

परत येताना नाक्यावर थांबलो. अंजिराच्या झाडाखाली मोटरसायकली रांगेने उभ्या होत्या. पुढून दुसरी जागा रिकामी होती. पहिली गाडी गिऱ्हाईक घेऊन गेली, तरी मागचा कुणी पुढे सरकला नाही. टोमॅटोची पाटी घेतलेली एक बाई आली आणि नेमकी त्या मोकळ्या जागेशी जाऊन उभी राहिली.

"कुणाची पाळी आहे?" मी नाक्याचा अध्यक्ष ओगुटूला विचारलं.

"ओसेवेच्या गाडीची."

"ती तर चेपली."

"चेपली, पण निरोप कुठे मिळालाय?" ओगुटू समजावू लागला, लहान मुलाला सांगावं तसं. "गाडी विकली, मोडली, चोरीला गेली, तरी मालकाने स्वतः इथे यायचं. सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजायचं आणि मोठ्याने म्हणायचं, हिचं काम संपलं. तोवर आम्ही पाळी मोडत नाही. डोरिनाबाई एक क्रेट वाचवतायत. चिकट बाई!"

मधून प्रवाशांनी भरलेली एक मटाटू मिनीबस गेली, धुरळा उडवत. धुरळा बसला तेव्हा टोमॅटोवाली नव्हती.

"कुठे गेली?"

"घरी गेली असेल." ओगुटूने रस्त्याकडे पाहायचं टाळलं. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले.

मी मावशींकडे गेलो आणि फक्त टाचेबद्दल सांगितलं. मुरुमाबद्दल. मनगटाबद्दल. त्या उठून आत गेल्या. मग पिठाच्या डब्यामागून त्यांनी प्लेट काढली.

"घेऊन जा. आणि लवकर कर बाबा. पोर खंगतंय."

मी खरंच लवकर केलं. नोंदणी रद्द झाली, मोडकं धूड कंपनीच्या नावावर चढलं, चेक मावशींच्या हातात पडला. त्या संध्याकाळी खिडकीत काही आलं नाही. मावशींनी देवाचे आभार मानले आणि दुसऱ्याच दिवशी कोल्ड्रिंकचं क्रेट हातगाडीवर घालून नाक्यावर गेल्या. मीही होतो.

ओगुटूने बाटल्यांना हात लावला नाही.

"मावशी, आता तुम्ही मालक कुठे राहिलात?"

"मेल्या, तुला तहान लागलीय की वकिली सुचतेय?"

"कागद कुणाच्या नावावर आहे? त्याने यायचं."

"मी बोलतो," मी म्हणालो. "कंपनीतर्फे."

"तुम्ही मालक?"

"नोकर."

"मग मालकाला आणा, साहेब."

मी नैरोबीच्या मुख्य कचेरीला विचारलं. साहेब चांगला माणूस, तो हसला नाही, फक्त म्हणाला, "मालक म्हणजे कोण रे? भागधारक हजारोंनी आहेत. त्यांतला अर्धा हिस्सा दुसऱ्या कंपन्यांचा. नाक्यावर उभं कोण राहणार?" त्याने खरंच थोडा विचार केला. मग कोल्ड्रिंकचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते विचारलं.

त्याच आठवड्यात आमच्या किसुमूच्या शाखेतली रोखपाल न्याबोके माझ्या टेबलाशी आली.

"तू पेट्रोल सांडलंयस का कुठे? संध्याकाळी गल्ला मोजला की चारशे जास्त निघतात. रोज. ओले."

"काय करतेस त्यांचं?"

"किरकोळ जमेत टाकते. वरून तसा हुकूम आलाय. कमी पडले तर ओरडतात, जास्तीला कोण ओरडणार?"

नवी गाडी मावशींच्या पडवीत आली. प्लास्टर कापायच्या दिवशी त्या रोझलिडाबरोबर दवाखान्यात आल्या, किल्ली रुमालात बांधून. मी दाराशी उभा होतो. डॉक्टरांनी कवच उकललं. हाड छान जुळलं होतं. पण पोटरीच्या आतल्या अंगाला, जिथे आठवडेच्या आठवडे वाराही लागला नव्हता, तिथे सायलेन्सरचा चटका होता. फोड ताजा होता. पाण्याने टम्म.

"हे कधी भाजलं?" डॉक्टरांनी विचारलं.



मावशींनी किल्ली पुढे केली. "घे रे बाळा. तुझ्यासाठीच घेतलीय."

ओसेवेने किल्लीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या मनगटाकडे. ते आता तो जागा असतानाही थांबत नव्हतं.

"मावशी," तो अगदी शांतपणे म्हणाला, "दोन-दोन गाड्या कशा चालवू?"

हिशेब केला तर असा निघतो. मावशींना नवी गाडी मिळाली, चालवणारा अजून शोधतायत. कंपनीने शहाण्णव हजार दिले. रोजच्या चारशेने ते आठ महिन्यांत वसूल होतील आणि त्यापुढचा सगळा नफा.

भरणारा एकटा ओसेवे. काल भेटलो तर म्हणाला, आता रस्ता पाठ झालाय, डोळे मिटूनही जातो.