मोठ्या आईनं हळद काहून नाही लावली?

"मॅडम, गर्भाशयाले मुख असते म्हणता, मंग त्याले दात बी असतात काय?"

आचलने विचारलं आणि नववीचा अख्खा वर्ग बाकांवर आडवा झाला. पैज वर्षालीची होती. विचारलंस तर माझ्या वाट्याची कचोरी तुझी! लशीची माहिती द्यायला अमरावतीहून वलगावला आलेल्या डॉक्टर मात्र चिडल्या नाहीत.

"नसतात," त्या म्हणाल्या. "म्हणूनच हा कॅन्सर सुरुवातीला चावत नाही. दुखत नाही, खुपत नाही, बाई आपली कामं करत राहते. बहुतेक वेळा तो एका विषाणूमुळे होतो. तुमच्या वयात लस घेतली तर त्या विषाणूला आत घर करणं अवघड जातं. तिशीनंतर तपासणी केली तर बिघाड कॅन्सर होण्याआधीच सापडू शकतो. आणि अवेळी रक्त दिसलं, पाळी कायमची गेल्यावर दिसलं, तर लाजत बसायचं नाही. धावत यायचं."

आचलने कचोरी जिंकली, पण अर्धं लक्ष घरी होतं. घरी एक कोडं पडलं होतं.

नुकतंच अकोल्याला अश्विनदादाचं लग्न झालं. दादा म्हणजे तिच्या मोठ्या आईचा, थोरल्या काकू दुर्गाबाईचा, एकुलता एक लेक. आणि त्या मोठ्या आईनं स्वतःच्या लेकाला हळद लावली नाही! वाटी पुढे आली तशी आचलच्या आईला "सीमा, तू लाव" म्हणत मांडवाच्या खांबामागे सरकली. देवकापाशीही बसली नाही. तिच्या आणि मोठ्या बाबांच्या जागी आचलचे आईबाबा बसले. आईनं देवकासाठीची पिवळी साडी आधीच आणून ठेवली होती म्हणून वेळ निभावली.

पाहुण्यांनी जेवणं व्हायच्या आत निकाल लावला. दुर्गाबाईले सून पसंत नाही.

ते नव्या नवरीच्या, माधवीच्या, कानापर्यंत गेलं. दोन दिवसांनी ती आचलला धरून रडली. "खरं सांग, आईंना मी नकोच होते का? मग मी माहेरी जाते, अकोल्याला."

"थांबा ना वहिनी! मी शोधून काढतो."

आचलने आधी गाठलं मोठ्या बाबांना. रामराव ओसरीवर अडकित्ता चालवत होते.

"हे लग्न कोणी ठरवलं?"

"तिनंच! पोरगी पाहून आली न् आनंदानं झोपली नाही."

मग माधवी.

"मोठी आई तुमाले काही बोलली?"

"नाही गं. उलट माझे पाय दुखले तर तेल लावून दिलं."

"तुमच्या हातचं खाते?"

"सगळं. फक्त लोणच्याची बरणी मला काढायला लावतात. 'तूच काढ बाई' म्हणतात."

मोठ्या आईच्या खोलीत सुनेसाठी शिवायला घेतलेली गोधडी अर्धवट पडली होती. आतल्या थरासाठी जपलेल्या मऊ, जुन्या लुगड्यांचं गाठोडं मात्र रिकामं होतं.

राहिली आई.

"आई, मोठी आई हल्ली देवाजवळ दिवा काहून नाही लावत? मलेच सांगते."

"गुडघे दुखतात तिचे."

"मंग काल शिडी चढून माळ्यावरून पोतं कोणी काढलं?"

"लई चोंबडेपणा सुचून राहिला तुले! अभ्यास कर." आईनं वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकर करपली तरी पाहिलं नाही.

कोडं सुटलं ते दुसऱ्या दिवशी जेवताना. आचलने लोणच्याच्या बरणीकडे हात नेला आणि आई ओरडली, "ए! बाजूला बसली हायस ना तू? नासंल ना ते!"

हात हवेतच थांबला.

बरणी. दिवा. देवक. हळद. मऊ लुगडी.

"मले कळलं!" आचल उठून उभीच राहिली. मोठे बाबा, बाबा, माधवी, सगळे तिथेच होते. "वहिनी, तुमचा काहीच दोष नाही. मोठी आई कोणावर रुसली नाही. ती पाळी आल्यासारखी वागून राहिली. म्हणून लोणचं नाही, दिवा नाही, हळद नाही. लुगडी घड्या करून वापरली तिनं. पण..."

पण पुढचं वाक्य तोंडात येईपर्यंत तिलाच त्याचा अर्थ लागला. वर्गातलं हसू आठवलं. दात नसतात.

"पण मोठी आई, तुही पाळी तर कधीचीच गेली ना?"

दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला. "मले वाटलं, गेलेली परत आली. देवीच्या मनात असंल. मंग त्या हातानं लेकाले हळद कशी लावू, आचल? लय मन झालतं वं."

माधवी ताटावरून उठली आणि खरकट्या हातानंच सासूला बिलगली.

आचलने तिथंच थांबायला हवं होतं. पण डोकं थांबेना. "कोणाले सांगितलं होतं?"

उत्तर त्या पिवळ्या साडीत होतं. देवकाला आपल्याला बसावं लागेल हे आईला आधीच कसं ठाऊक?

आचलने आईकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"दिवाळीत मले सांगितलं जाऊबाईनं," आई म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "मी म्हटलं, लग्न होऊन जाऊ द्या. दवाखान्याचं नाव निघालं तर सोयरीक मोडंल. मी म्हटलं. मीच."

बाजूला बसलेल्या बाईला घरात कोणी काही विचारत नाही. रक्त लपायला याहून चांगली जागा कुठली?

अकोल्याच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. वाढ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेली होती, ऑपरेशनच्या पलीकडे. किरणांचा शेक द्यायचा, सोबत केमो. "आजार ताब्यात ठेवायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले, "दिवाळीच्या सुमारास आल्या असत्या तर..." आणि कागदाकडे बघत राहिले. माधवी माहेरी गेली ती सासूला सोबत घेऊन. तिथून दवाखाना जवळ.

जाताना मोठी आई आचलच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "हुशार पोरगी हाय." कोडं सुटल्याचा आनंद कसा असतो, ते आचलला कधी कळलंच नाही.

पुढच्या महिन्यातल्या एका संध्याकाळी देवघर अंधारात होतं. बाबा बडनेऱ्याहून ड्युटी करून आलेले. आई चुलीपाशी नुसती बसलेली. हल्ली ती अशीच बसायची.

आचलने समईत तेल घातलं.

"अवं, तू तर..." आई अर्ध्यावर थांबली.

"हो. बाबा, मले पाळी आली हाय. आज दुसरा दिवस." बाबा पंख्याकडे पाहू लागले. "वर नका पाहू. माह्याकडे पाहा. आजपासून दिवा मी लावतो, रोज. या घरात आता कोणी बाजूला बसणार नाही. सोमवारी मी लस घ्यायले जातो." तिनं काडी ओढली. "आणि आई, तू तपासणीले चालून राहिली, माह्यासोबत. तुले विचारून नाही राहिली मी. सांगून राहिली."