पाच सेंटिमीटर

"मावशी, जल्दी आइए. ट्रक आ गया है. बाबा की गाड़ी ले जा रहे हैं."

फोन शेजारच्या आगाशेंच्या स्वरालीचा होता. सुनंदा देव यांनी गॅस बंद केला, स्वेटरवर शाल ओढली आणि चालता चालताच सब-इन्स्पेक्टर गुरमीत कौरना फोन लावला. धुक्यात समोरची कोठी, म्हणजे इथल्या भाषेत बंगला, तोसुद्धा दिसत नव्हता.

सुनंदाबाई मूळच्या साताऱ्याच्या. नवरा हवाई दलात, म्हणून चंडीगडला आल्या आणि इथल्याच शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. सवयी काही निवृत्त झाल्या नाहीत. पर्समध्ये फूटपट्टी असायची आणि कुणी काहीही सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, "कशावरून?" नातेवाईक याच प्रश्नाला कंटाळले होते.

रविवारी घडलं ते सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं. निवृत्त विंग कमांडर श्यामकांत आगाशे यांनी आपल्या लाल स्पोर्ट्स कारचे ब्रेक तपासायला ती पुढून उचलून दोन लोखंडी स्टँडवर ठेवली होती. डावं स्टँड त्यांनी लावलं, उजवं त्यांच्या मुलीने, स्वरालीने. तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अकराला गाडी कोसळली आणि श्यामकांत तिच्याखाली सापडले. दोन्ही स्टँड आडवी पडली होती आणि उजव्याची पिन साखळीला लोंबत होती.

पोलिसांनी अपघात लिहिला. स्वरालीला कुणी दोष दिला नाही. त्याची गरजच नव्हती. इथेच वाढल्याने हिंदीच बोलणारी, जवळच्या खरड गावातल्या कॉलेजात इंजिनीअरिंग शिकणारी ही धट्टीकट्टी पोरगी तीन दिवस जेवली नव्हती. पिन लावणारा उजवा हात तिने जॅकेटच्या बाहीत ओढून घेतला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. श्यामकांत अजून शुद्धीवर आले नव्हते. ते गेलेच, तर या मुलीचं काय होईल, हा विचार सुनंदाबाईंना झोपू देत नव्हता.

गॅरेजसमोर गाड्या वाहून नेणारा सपाट ट्रक उभा होता. शेजारी प्रसन्न लेले.

"सुनंदाताई, बरं झालं आलात. पोरीला समजवा जरा. ही गाडी रोज डोळ्यांसमोर कशाला हवी? मीच विकली होती, मीच परत घेतो. हिच्या आईने, विनयावहिनींनी, सही केलीय."

प्रसन्नचा मोहालीत जुन्या गाड्यांचा व्यवसाय. गणपतीची वर्गणी असो की कुणाचं घर बदलायचं असो, हा पुढे. रविवारी श्यामकांतना गाडीखालून ओढून काढलं तेही यानेच. त्याच्याविषयी वाईट बोलेल असं माणूस इथल्या मराठी मंडळात नव्हतं.

"नेशील रे. घाई काय आहे?" सुनंदाबाई स्वरालीकडे वळल्या. "तू स्टँड लावलंस, मग जॅक खाली सोडला कुणी?"

"बाबा ने."

"आणि मग?"

"मग... दोनों हाथों से गाड़ी हिलाई. ज़ोर से. हमेशा हिलाते हैं. फिर फळ्या दीवार पे टाँग दिए."

"कसल्या फळ्या?"

स्वरालीने भिंतीकडे मान केली. दोन जाड लाकडी फळ्या खिळ्यांना टांगल्या होत्या. गाडी एवढी बुटकी, की आधी पुढची चाकं या फळ्यांवर चढवायची, मगच जॅक आत शिरायचा.

"नंतर तू कुठे होतीस?"

"लायब्ररी. साढ़े नौ बजे निकली. ग्यारह बजे आई तो प्रसन्नकाका बाबा को खींच रहे थे."

सुनंदाबाई खाली वाकल्या. फरशीवर काळ्या रबरासारखे खरवडे पडले होते. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून लावतात त्या लेपाचे. शेजारी खरवडणी होती. ब्रेक बघणाऱ्या माणसाने गाडीचं पोट कशाला खरवडावं?

तेवढ्यात गुरमीत कौर आल्या. "बोलिए मॅडम जी. केस तो बंद है."

"बंद नाही, अर्धी उघडी आहे," सुनंदाबाई हिंदीत म्हणाल्या. "रविवारचे फोटो दाखवता?"

फोटोत गाडी जॅकवर उचललेली होती, स्टँड पडलेली होती आणि फळ्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. सुनंदाबाईंनी फोन परत दिला.

"प्रसन्न, तू आलास तेव्हा नक्की काय बघितलंस?"

"मी फाटकात होतो. धाडकन आवाज आला. धावलो. गाडी पूर्ण खाली बसलेली. चारही चाकं जमिनीला."

"जॅक कुठे होता?"

"तिथे, कोपऱ्यात. घेतला, खाली सरकवला, गाडी उचलली, दादांना ओढलं. सगळं मिनिटभरात."

"फळ्यांना हात लावलास?"

"छे! फळ्यांना कुठला वेळ?"

"शाबास. आता एकदा करून दाखव. पोलिसांनी गाडी खाली घेतल्यापासून चाकं जमिनीवरच आहेत. जॅक कोपऱ्यात आहे."

प्रसन्न हसला. त्याने जॅक ओढत आणला आणि गाडीच्या तोंडाखाली ढकलला.

टक्क.

जॅकचं डोकं बंपरला आपटलं. त्याने बाजूने घालून पाहिला. टक्क. दुसऱ्या बाजूने. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा विडी विसरून बघत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुनंदाबाईंनी फूटपट्टी काढली. "गाडीखाली जागा नऊ सेंटिमीटर. जॅक पुरता दाबला तरी चौदा. तुझी स्वतःची गाडी उंच, तिच्याखाली जॅक सहज जातो. म्हणून गोष्ट रचताना हे तुझ्या लक्षात आलं नाही. कोसळलेल्या गाडीखाली जॅक घालताच येत नाही, प्रसन्न. तो आधीपासून आत होता."

"श्यामकांतदादांनीच ठेवला असेल! मला नीट आठवत नाही."

"मग कोपऱ्यातून आणल्याचं कसं आठवलं? बरं, पिनचं सांगते." त्यांनी पडलेलं स्टँड उभं केलं. "स्टँडचा आतला दांडा या पिनवर टेकतो. पिन नसती तर श्यामकांतनी आठ वाजता जॅक सोडला तेव्हाच दांडा आत गेला असता. गाडी तीन तास उभी राहिली, गदागदा हलवूनही. म्हणजे पिन होती. आणि भार असताना ती हाताने निघत नाही. कुणीतरी आधी जॅकने गाडी उचलली, दोन्ही स्टँड काढली, उजव्याची पिन उपसली, आणि मग जॅकची किल्ली फिरवून गाडी खाली सोडली."

"श्यामकांतजी नीचे थे, फिर भी? बाहर क्यों नहीं निकले?" गुरमीत कौर म्हणाल्या.

"कारण ते तुला काहीतरी दाखवत होते, प्रसन्न. काय रे, ते? हे खरवडे कसले?"

गुरमीत कौरनी ट्रकच्याच साखळीने गाडीचं तोंड उचलायला लावलं आणि टॉर्च मारला. जिथे काळा लेप खरवडला होता तिथे गाडीच्या पोटावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वेल्डिंगचा जाड व्रण होता.

"दोन मोडक्या गाड्या कापून एक केलीय," सुनंदाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी कसौलीच्या उतारावर एका तरुण कॅप्टनची गाडी मधोमध तुटली आणि तो गेला. ब्रेक निकामी झाले असं तूच सगळ्यांना सांगत होतास. तीही तूच विकली होतीस. श्यामकांतना जोड दिसला आणि भला माणूस, पोलिसांआधी तुला बोलावलं."

प्रसन्न फरशीवरच बसला. "ते म्हणाले, कॅप्टनच्या आईला तू स्वतः सांग. नाहीतर मी सांगतो. मी म्हटलं, थोडी वर घेतो, नीट दिसेल. मग स्कूटी वाजली. स्वराली आली असं वाटलं. म्हणून परत उचलली."

"त्यांना वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला," सुनंदाबाई म्हणाल्या. "पण जॅक आत अडकला म्हणून गाडी चौदावर थांबली, नऊवर गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते, दोन बोटं आणखी दबले असते तर संपलं होतं. तुझ्याच हत्याराने त्यांना पाच सेंटिमीटर दिले."

स्वराली भिंतीला टेकून ढसाढसा रडत होती. सुनंदाबाईंनी तिला रडू दिलं.

शुक्रवारी श्यामकांत शुद्धीवर आले. अतिदक्षता विभागात एकालाच सोडत होते. विनयावहिनींनी मुलीला आत पाठवलं. काचेतून सुनंदाबाई बघत होत्या.

स्वराली खाटेजवळ गेली. मग म्हणाली, "बाबा, पिन..."

"लावली होतीस," ते कसेबसे म्हणाले. "मी हलवून बघितलं होतं. नियम मी मोडला. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली थांबलो."

स्वरालीने बाहीतून उजवा हात बाहेर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, कुछ खाने को है?"

सुनंदाबाईंनी पर्स उघडली. फूटपट्टीच्या खाली डबा होता.