तीन हिसके

मिरकरवाडा बंदरात त्या सकाळी एक माणूस पाण्याखाली गेला आणि वर यायलाच विसरला.

निदान ऋतिकाला तरी तसं वाटलं. ती धक्क्याच्या टोकाला उभी राहून, लाटांवर आवाज चढवत, नाटकातला एक श्लोक घोकत होती. शेजारच्या नौकेच्या पंख्यात जाळं अडकलं होतं आणि ते कापायला एक तरुण कमरेला दोरी बांधून खाली उतरला होता. ऋतिकाचा श्लोक म्हणून झाला. पुन्हा म्हणून झाला. तेवढ्या वेळात जवळच बसलेल्या गुणवंतीबाईंनी अर्धी टोपली बांगडे विकले, एका गिऱ्हाइकाशी भांडण काढलं आणि ते मिटवलंही. बंदरातले लोक तर सांगतात, भरती संपून ओहोटी लागली. पण बंदरातल्या लोकांचं निम्मंच धरावं.

"अहो, कोणीतरी उडी मारा! बुडाला तो!"

"अगो बाय, सकाळी सकाळी ओरडतेस काय?" गुणवंतीबाई हसल्या. "माझाच झील तो, पोर माझा, शिवा. हौस फिटली की येईल वर."

आणि आलाच. ओल्या केसांतून पाणी निथळतंय, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जाळ्याचा गुंता.

"ओरडलं कोण? अर्धं काम राहिलं ना खाली."

"मला वाटलं, तुम्ही..."

"गेलो? मग थोडं रडायचं तरी. नुसतं ओरडून माणूस परत येतो होय?"

ऋतिकाचं नाक लाल झालं. ती काही बोलणार, तोच नौकेच्या कडेला लोंबकळत त्याने तिचाच श्लोक म्हणायला घेतला. उतरण्याआधी दोनदा कानावर पडलेला, तेवढाच. पण चारही ओळी, आणि एका दमात!

तिचा राग तिथल्या तिथे विरला. भिकाजीअण्णांच्या नाट्यमंडळाने जुनं पद्यनाटक बसवायला घेतलं होतं आणि नटांना वृत्तात बोलायला शिकवण्यासाठी तिला पुण्याहून तीन महिन्यांकरता बोलावलं होतं. राजाची भूमिका अजून रिकामी होती. जो येई तो दुसऱ्या ओळीत धापा टाकू लागे. आणि हा...

"नाटकात काम कराल?"

"पाण्यात आहे?"

"नाही. कोरड्यात."

"मग अवघड आहे," तो म्हणाला. आणि संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी तालमीला हजर.

पण दम असणं ही एक गोष्ट, आणि तो कुठे सोडायचा हे कळणं दुसरी. तिसऱ्या अंकात राजकन्या गलबतावर चढते आणि राजा म्हणतो,

*आता जाशी, परत न कधी, पाहशी का किनारा?*
*थांबावेसे, क्षणभर तुला, वाटले ना जराही?*

चार अक्षरांवर थांबायचं, पुढच्या सहांवर पुन्हा थांबायचं, मग उरलेली ओळ. शिवा मात्र सुटायचा तो थेट 'जराही'लाच उभा राहायचा.

"शेवटची एसटी चुकतेय का तुमची?" ऋतिका वैतागायची. "राजाला ती हवी आहे, पण ते तो बोलत नाही. तो थांबतो, तेव्हा कळतं."

"थांबायला नाही जमत, मॅडम. खाली माझा हात थांबला, की वरचा दोरी ओढतो. त्याला वाटतं, मी संपलो."

"मग खालून बोलता कसं त्याच्याशी?"

"दोरीनेच. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सोड." तो जरा घुटमळला. "तीन म्हणजे... वर ओढ. आता माझ्याने होत नाही."

दुसऱ्या दिवशी ऋतिका बाजारातून दोरी घेऊन आली. एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं तिच्या. गाठ शिवानेच शिकवली. तिच्या बोटांवरून बोटं फिरवत, गरजेपेक्षा जरा सावकाश.

"मी ओढलं की थांबायचं. पुन्हा ओढलं की पुढे."

"घट्ट धरा हां. सोडलीत तर बुडेन."

"तालमीच्या खोलीत?"

"लोक कुठेही बुडतात, मॅडम."

तिने दोरी दोन वेढे जास्त गुंडाळून घेतली.

आणि जमू लागलं. तो थांबायचा आणि त्या थांबण्यात दोरीच्या दोन्ही टोकांना काहीतरी धडधडायचं. कुणाचं, हे ठरवणं कठीण. खिडकीतून मोहोराचा वास यायचा. भिकाजीअण्णा चष्मा पुसत म्हणायचे, "वा! जमला विराम!" वरचं टोक कुणाच्या हातात आहे, हे त्यांना चांगलं दिसत होतं. पण नाट्यमंडळ चालवायचं तर माणसाला थोडं आंधळं असावं लागतं.

प्रयोगाला चार दिवस उरले आणि पुण्याहून फोन आला. नाट्यशाळेत शिकवायची जागा, सोमवारपासून. याच जागेची ती दोन वर्षं वाट पाहत होती. तिने शिवाला सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"छान झालं की! पुणं चांगलं, हवा कोरडी, कपडे लवकर वाळतात, मासे तेवढे शिळे मिळतात, ते खाऊ नका, आणि रविवारच्या गाडीला गर्दी असते, आधीच जागा धरा..."

तो बोलत राहिला. एवढं शिकवलं, पण कुठेही थांबला नाही. त्याने एकदा, फक्त एकदा थांबावं म्हणून ती उभी होती. मग "बरं" म्हणून वळली.

शनिवारी प्रयोग. नाट्यगृह भरलेलं. पहिल्या रांगेत गुणवंतीबाई, नवं लुगडं, केसांत अबोली. राजाच्या शेल्याखालून दोरी विंगेत आलेली आणि विंगेत ऋतिका. उद्या गाडी. तिसरा अंक.

"आता जाशी..."

तिने ओढलं. तो थांबला. तिने पुन्हा ओढलं.

"परत न कधी..."

ओढलं. थांबला. तिने पुढे जाण्यासाठी ओढलं.

शिवा बोलेना.

तिने परत ओढलं. नाही. नाट्यगृहात कुणी खोकेना. भिकाजीअण्णा दुसऱ्या विंगेतून पुढचे शब्द पुटपुटू लागले. विसरला? घाबरला? ऋतिकाने दोरी मुठीला आणखी एकदा गुंडाळली...

आणि दोरी हलली. त्याच्या बाजूने.

एक.

ठीक आहे? मग बोलत का नाही?

दोन.

दोरी सोडू? सोडून देऊ?

तीन.

ऋतिकाने दोन्ही हातांनी ओढलं. असं ओढलं, की राजा सिंहासनाची शान विसरून अर्धं पाऊल विंगेकडे धडपडला आणि तिथेच, तिच्याकडे पाहत, कापऱ्या आवाजात म्हणाला, "पाहशी का किनारा?"

टाळ्या अशा पडल्या, की भाट्याच्या खाडीतले बगळे उडाले म्हणतात. निम्मे तरी उडालेच असतील.

पडदा पडल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"इतकं थांबायला सांगितलं होतं मी?"

"नाही." मग तो गप्प झाला. खरोखर गप्प. तिने वाट पाहिली. "तुम्ही जा, ऋतिका. ती जागा सोडू नका. पण..." पुन्हा थांबला. "मला तुम्ही हव्या आहात."

"हे चार दिवसांपूर्वी सांगता येत नव्हतं?"

"तेव्हा दोरी नव्हती हातात."

ती हसली आणि डोळेही पुसले, दोन्ही एकदमच. "पुण्यापर्यंत पोचेल का रे ती?"

'रे' ऐकून राजाचे कान लाल झाले.

"जूनमध्ये नौका बंद होतात. दोन महिने मी तिकडे. सुट्टी लागली की तू इकडे. बाकी दिवस... हिसके."

तेवढ्यात गुणवंतीबाई आत आल्या. दोघांची मनगटं एकाच दोरीत पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नाटक संपलं ना? मग सोडा ती!"

ऋतिकाने गाठीशी खटपट केली. "सुटत नाहीये, मावशी."

"मारली कुणी?"

"मी. शिवाने शिकवली तशी."

गुणवंतीबाईंनी गाठ निरखून पाहिली, एकदा ओढून पाहिली आणि शिवाच्या पाठीत धपाटा घातला.

"बापाने तुला दिलेली गाठ शिकवलीस होय रे हिला! मग राहू दे. चला घरी जेवायला, आहात तसे."

शनिवारच्या त्या गर्दीत, नाट्यगृहापासून मिरकरवाड्यापर्यंत, राजा आणि त्याची मास्तरीण एका दोरीने चालत गेले. गाठ जिन्यातच सुटली होती. दोघांपैकी कुणीही ते बोललं नाही.