पायरी निघाली माहेराला

राजुऱ्याच्या नईमभाईला एक पायरी तिच्या माहेरी पोचवायची होती. मोहिमेचा उद्देश एवढाच. लोक एव्हरेस्टवर का चढतात, हे कुणी विचारत नाही. नईमभाईला मात्र अख्ख्या राजुऱ्यानं विचारलं.

पायरी सागवानाची, कोकणातल्या भैरवखडक दीपगृहाची. साहेबाच्या राज्यात भर समुद्रातल्या खडकावर ते दीपगृह उभं राहिलं, तेव्हा त्याच्या गोल जिन्यासाठी सागवान गेलं ते थेट वैनगंगेकाठच्या जंगलातून. आधी तेलाचा दिवा होता, मग विजेचा आला. धुक्यात दिवा दिसत नसे, तेव्हा घंटा वाजे. दोन ठोके, विसावा, एक ठोका. प्रत्येक दीपगृहाची चाल वेगळी, म्हणजे खलाशाला आपण कुठं आहोत ते कळतं.

नईमभाईला समुद्र पाहण्याआधीच समुद्राची नोकरी लागली, याच दीपगृहाचा दिवा सांभाळायची. एका तुफानात लाटांनी खालचं दार फोडलं, लोखंडी कठडा उपटून नेला, पण जिना जागचा हलला नाही! त्याच जिन्याला मिठी मारून नईमभाईनं दिवा विझू दिला नाही आणि स्वतःही विझला नाही. पुढं दिवा आपोआप लागू लागला, लोखंडी जिना आला, जुना मोडीत निघाला. निवृत्तीला लोक घड्याळ घेतात. यानं तळाची पायरी मागून घेतली. तिच्या पोटाला दोन कुऱ्हाडींची खूण होती.

पोंभुर्ण्याच्या वनरक्षक नीलिमानं त्यानं पाठवलेला फोटो पाहून कळवलं, "काका, अशी खूण नदीपल्याडच्या जुन्या हद्दीच्या दगडावर हाय." झालं! नईमभाईच्या बायकोनं, सलीमाबाईंनी, पायरी आपल्या हिरव्या ओढणीत गुंडाळली. "माहेरी जाणारीले उघडी पाठवाची नाई," त्या म्हणाल्या. नईमभाईनं ती पाठीला बांधली आणि मोहीम निघाली.

सोबत नीलिमा आणि नईमभाईचा शाळासोबती सोमाजी. सोमाजीकडे धानाचं शेत होतं, नदीवर डोंगा होता आणि जिभेला हाड नव्हतं.

"जंगलात लाकूड नेऊन राह्यला तू," तो म्हणाला. "उद्या वैनगंगेले पानी पाजजो!"

"भाऊ, लाकूड बाहेर नेणारे लय पकडले मी," नीलिमा म्हणाली. "आत आणणारा पयलाच. याचा नियमच नाई आमच्याकडं."

"आता तो घंटेचा किस्सा नको सांगू फक्त," सोमाजी म्हणाला. "माह्या बैलाले पाठ झाला."

नईमभाईनं सांगितला, ठोक्यांसकट. पूर्ण.

पहाटेचं जंगल दवानं ठिबकत होतं. सागाची रुंद पानं थेंब झेलत होती आणि खाली सोडत होती, जणू कुणी सावकाश टाळ्या वाजवत होतं. एकाएकी वानर खाकरलं. नीलिमानं हात वर केला. समोर ओल्या मातीत पंजा उमटला होता. ताजा! त्यात पाणी अजून झिरपत होतं.

"बोलत चला," ती हळूच म्हणाली. "त्याले कळू द्या, आपण येऊन राह्यलो."

सोमाजीला बोलायला सांगण्याची वेळ आयुष्यात प्रथमच आली होती, आणि नेमका तेव्हाच त्याला शब्द सुचेना. शेवटी त्यानं घंटेचा किस्साच सांगितला. झुडपं हलली, काहीतरी दूर निघून गेलं. वाघालाही तो किस्सा पुरला असावा.

नदी दुथडी भरली होती. डोंगा मध्यावर पोचला आणि धुकं उतरलं. आधी काठ गेला. मग पाणी गेलं. मग डोंग्याच्या टोकाला बसलेला सोमाजी गेला. उरला त्याच्या बांबूचा आवाज.

धाड्!

खडक! डोंगा उलटला. नईमभाई पाण्याखाली गेला. पाठीवरच्या वाळक्या सागवानानं त्याला वर उचललं. नीलिमानं एका हातानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्या हातानं खडक. दोघं खडकावर चढले.

सोमाजी नव्हता.

"नईम! कुठी हाय तू?" धुक्यातून हाक आली. डावीकडून? उजवीकडून? नीलिमा उडी टाकायला वाकली. नईमभाईनं तिचं मनगट पकडलं.

"दिवा शोधाले जात नाई, बेटा. तो जागेवर राह्यते, म्हणून सापडते. खांद्यावरची लाठी दे!"

त्यानं पायरी ओढणीतून सोडून उभी धरली आणि लाठी हाणली. टण् टण्. विसावा. टण्.

पुन्हा. हात भरून आले. टण् टण्. टण्. हाक बंद झाली होती. टण् टण्...

"आलो बे!" पाण्यातून चिरका आवाज आला. "पाठ हाय मले!"

डोकं दिसलं. पण सोमाजीचे हात थकले होते. प्रवाह त्याला खडकाच्या बाजूनं ओढून नेत होता. नईमभाईनं ओढणीचं टोक पायरीला बांधलं आणि पायरी फेकली. सोमाजीनं तिला छातीशी धरलं. ओढ! आणखी! नीलिमाच्या हातात त्याचा हात आला आणि गाठ सुटली. सलीमाबाईंची असती तर सुटली नसती. ही नईमभाईची होती.

पायरी वळली, डुलली, धुक्यात गेली.

थोड्या वेळानं ऊन आलं. पलीकडचा काठ गुडघाभर पाण्याच्या अंतरावर होता. खाली रेतीत डोंगा आरामात पडला होता. सोमाजी बराच वेळ खोकला, मग खाली मान घालून म्हणाला, "तुही पायरी गेली रे, माह्यापायी."

"चल," नईमभाई म्हणाला. "माहेरी निरोप तर द्या लागन."

हद्दीचा दगड सापडला, दोन कुऱ्हाडींचा. भोवती म्हातारी, रुंद खोडकी होती आणि एकेकाच्या बुंध्यातून नवे साग सरळ आभाळात गेले होते.

"यातलं तिचं खोड कोणतं, कशावरून ओळखाचं?" नीलिमानं विचारलं.

"कशावरूनच नाई," म्हणत नईमभाई जवळच्या खोडापाशी बसला. त्यानं सालीवर हात ठेवला. "पोरगी चांगली नांदली तुमची. तुफानात मले सोडलं नाई. आज याले सोडलं नाई. लय उपकार झाले."

सोमाजीनंही हात टेकवला. बोटानं सालीवर दोन ठोके दिले, विसावला, एक दिला.

संध्याकाळी सलीमाबाईंचा फोन आला. "पोचली काय?"

नईमभाईनं नदीकडे पाहिलं. वैनगंगेचीच पुढं प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी कुठं जाते हे समुद्राच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"निघाली पुन्हा ड्यूटीवर," तो म्हणाला. "बदली झाली. आता बंगालच्या उपसागरात."