कुलपाच्या अलीकडे, पलीकडे

"दार फोडा!" आतून आवाज आला. "मी सांगतोय ना, खुशाल फोडा!"

तिनं अजून हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवलीही नव्हती. तीन जिने चढून दम लागलेला, मानेवर घाम, आणि स्वागत हे असं! बोलणारा दिसतही नव्हता. समोर नुसतं तपकिरी दार, दारात बाहेरचा माणूस बघायचं भिंग, त्याखाली पत्रं टाकायची फट आणि फटीखाली दारातच बसवलेलं, आतून-बाहेरून किल्लीनं उघडणारं जुनं, जाडजूड कुलूप.

"फोडायचं असेल तर सुतार बोलवा," ती म्हणाली. "मी कुलूपवाली आहे."

आतून चाचरत – "म्हणजे... तुम्ही स्वतः? मला वाटलं, दुकानातून कोणी माणूस येईल."

"मी माणूसच आहे."

"नाही हो, तसं नाही... दिसतंय मला. भिंगातून दिसतंय. फक्त नाक जरा मोठं वाटतंय, पण ते भिंगामुळे असणार."

तिनं पिशवीतून चिकटपट्टी काढली, दातांनी टचकन तोडली आणि भिंगावर लावून टाकली. तुम्ही मला दिसत नाही ना, मग मीही तुम्हाला दिसणार नाही. फिट्टंफाट!

चेष्टामस्करीला तिच्याकडे वेळच नव्हता. वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान काका बघत होते. मुलीनं दुकानात बसून किल्ल्या कापाव्यात, लोकांच्या दारोदार जाऊन कुलपं उघडणं तिचं काम नव्हे, असं काकांचं ठाम मत. तीन महिने ती त्यांच्या मागे लागली होती. शेवटी वैतागून त्यांनी अट घातली – एक आठवडा बाहेरची सगळी कामं तू कर. एकही दार फोडायचं नाही, एकाही कुलपाला ड्रिल लावायचं नाही. एक जरी मोडलंस, तरी सोमवारपासून तू किल्ल्यांच्या यंत्रावर आणि बाहेर नवा माणूस. पुन्हा तोंड उघडायचं नाही.

आज शनिवार. अकरा कुलपं तिनं अलगद उघडली होती. हे बारावं, आणि शेवटचं. आता काहीही होवो, हे कुलूप ती उघडणारच होती.

"किल्ली आहे का?"

"आहे की. अर्धी माझ्या हातात आहे."

"आणि उरलेली?"

"आतल्या बाजूनं कुलपात. फिरवली आणि कट्‌कन मोडली. पण मी ती काढायचा प्रयत्न केलाय हं, नुसता बसलेलो नाही."

गिऱ्हाइकानं प्रयत्न केलाय म्हटलं की काम दुप्पट. "कसा प्रयत्न केलात?"

आत नुसतंच काहीतरी खुडबुडलं.

"अहो, ऐकताय ना?"

"काडीच्या टोकाला गोंद लावला... आणि आत घातली. म्हटलं तुकडा काडीला चिकटेल आणि बाहेर येईल."

"मग?"

"चिकटला. पण आता काडीही येत नाही."

"गोंद कुठला? तो झटपट चिकटणारा?"

"सगळ्यात भारी आहे तो! मी पुस्तकं बांधतो ना, बाइंडर आहे. आमच्या धंद्यात काहीही सुटलं की आधी गोंदाकडेच हात जातो."

तिनं कपाळावर हात मारला. आणि मग तिला हसू आलं – आवरता आवरेना, पायरीवर बसून तोंडात ओढणी कोंबावी लागली. आतून तो दुखावल्यासारखा म्हणाला, "हसा, हसा. मला चार वाजता ग्रंथालयात पोहोचायचंय. त्यांचं वर्षभराचं बांधणीचं काम निघालंय. चारच्या आत नमुना दिला नाही तर ते काम दुसऱ्याला जाईल. म्हणून म्हणतोय, फोडा."

ती हसायची थांबली. दोन वाजायला आले होते.

"फोडणार नाही," ती उठून म्हणाली. "उघडणार आहे. पण अर्धं काम तुम्हाला करावं लागेल. आतला तुकडा निघाल्याशिवाय बाहेरून कुलूप फिरायचं नाही. मी सांगेन तसंच करायचं. स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"मोठ्यानं."

"कबूल, बाई, कबूल!"

असला गोंद विरघळवायला नेलपेंट रिमूव्हर लागतो, आणि तिच्या पिशवीत तो सोडून सगळं होतं. तिनं समोरच्या दाराची घंटा वाजवली. दार लगेच उघडलं. तिथल्या काकू बहुधा दारामागेच उभ्या होत्या.

"रिमूव्हर ना? देते," काकू बाटली आणि कापूस पुढे करत म्हणाल्या. "मघापासून ऐकतेय. अहो काय, कबूल काय! मला आधी वाटलं, नवरा-बायकोचं भांडण चाललंय."

"काकू, मी कुलूप उघडायला आलेय."

"तेच गं. मुलगा मात्र चांगला आहे हो. एवढा गोंदाचा नाद सोडला तर."

"काकू, मला ऐकू येतंय!" आतून आवाज आला.

"यावं म्हणूनच बोलले," काकू म्हणाल्या आणि खुर्ची आणून दारातच बसल्या.

काडीला गुंडाळून भिजवलेला कापूस तिनं फटीतून आत सरकवला. घ्यायला एक हात पुढे आला. लांब बोटं, नखांच्या कडेला वाळलेला गोंद, अंगठ्यावर सुईनं पडलेला घट्टा. बोटं तिच्या बोटांना लागली आणि जरा जास्तच वेळ तिथे थांबली.

"कापूस घ्या," ती म्हणाली. "माझा हात मला लागणार आहे."

"सॉरी... अंधार आहे इथे."

"भर दुपारी?"

"तुम्ही भिंग बंद केलंत ना, तेव्हापासून."

काकू खुर्चीत खुदकन हसल्या. ती हसली नाही, पण तिचे कान गरम झाले आणि ते तिचं तिलाच कळलं.

मग सुरू झालं काम. कापूस लावायचा, थांबायचं, काडी हलवून बघायची, पुन्हा कापूस. थांबायच्या वेळात बोलण्यावाचून दुसरं करणार काय? त्यानं सांगितलं, की पानं सुटलेलं पुस्तक हातात आलं की तो आधी सगळं उसवतो, मगच शिवतो, आणि म्हणून लोक त्याला चेंगट म्हणतात. तिनं सांगितलं, की नवं कुलूप हाताशी आलं की ती आधी डोळे मिटून त्याचा आवाज ऐकते, आणि म्हणून तिला घरचे येडी म्हणतात. "चांगली जोडी जमेल," तो पटकन बोलून गेला. मग घाईघाईनं म्हणाला, "कामात... कामात म्हणतोय मी."

"कामाकडेच लक्ष द्या मग," ती म्हणाली. पण आवाजाला मघासारखी धार राहिली नव्हती.

तीन वाजता काडी निघाली. त्याच वेळी तिचा फोन वाजला. काका.

"उघडलं का गं?"

"उघडतेय."

"अजून? म्हणजे ड्रिल लावावं लागणार. सांगितलं होतं ना मी तुला? हरकत नाही, सोमवारपासून तू दुकानात बस. बाहेरसाठी माणूस मी बघून ठेवलाय."

"काका, आठवडा संपलेला नाही. मी कुलपाला ड्रिल लावणार नाही आणि दुकानातही बसणार नाही!" तिनं फोन बंद केला. जिन्यात तिचा आवाज घुमला होता.

"मॅडम," थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "पुढे काय करायचं?"

तिनं करवतीचं बारीक पातं फटीतून दिलं. "दातांची बाजू किल्लीच्या तुकड्याला लावून हळू ओढायचं." त्यानं ओढलं, निसटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा निसटलं. सव्वातीन झाले. तीन वीस. तुकडा जागचा हलेना. आत त्याचा श्वास जोरजोरात चालला होता.

ती पायरीवर बसली. ग्रंथालय इथून स्कूटरवर दहा मिनिटं. काकांचा नवा माणूस येऊ नये म्हणून याच्या वर्षभराच्या कामावर पाणी? हे काही तिला पटेना. कुलूप उघडणारे आपण, माणूस अडकवून ठेवणारे नव्हे. तिनं पिशवीच्या तळातून ड्रिल काढलं. डोळे भरून आले होते, पण तिनं ड्रिलचं टोक बसवलं आणि एकदा फिरवून बघितलं. घर्रर्र.

"थांबा! ते काय आहे?" तो आतून ओरडला.

"मागे सरका. पाच मिनिटांत मोकळे व्हाल."

"नको! अहो, घाई नाही आता. ग्रंथालयातून फोन आला होता मघाशी... मुदत वाढवली त्यांनी. सोमवारपर्यंत. मी सांगायचंच विसरलो. ठेवा ते ड्रिल. आपण सावकाश काढू."

तिच्या जिवात जीव आला. तिनं ड्रिल खाली ठेवलं, दाराला कपाळ टेकवलं आणि डोळे पुसले. "मग ऐका. जोर लावू नका. तुम्ही जुनी शिवण उसवता ना, दोरा तुटू न देता? तसंच करा. मी बाहेरून कुलूप जरासं सैल धरते."

"एवढंच ना? आधी सांगायचंत की."

ती बाहेरून कुलपात वाकड्या तारेचा आकडा लावून उभी राहिली, डोळे मिटले. पलीकडे पातं सरकल्याचा आवाज आला... थांबला... पुन्हा सरकला. मग काहीतरी बारीकसं फरशीवर खळ्‌कन पडलं.

"निघाला!"

"हलू नका!" तिनं आकडा फिरवला. एक खटका, दुसरा, तिसरा. कुलूप उघडलं.

दार आत गेलं आणि समोर तो – केस विस्कटलेले, गालावर गोंदाचा डाग, हातात पातं. दोन तास तोंडाला तोंड देणारे दोघं आता एकमेकांकडे बघतच राहिले. काकू तेवढ्या टाळ्या वाजवत होत्या.

"नाक अगदी... योग्य आहे," तो शेवटी म्हणाला.

ती काही बोलणार, तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. त्यानं तो झटकन बंद करायला बोट लावलं आणि गडबडीत भलतंच बटण दाबलं. पलीकडचा वैतागलेला आवाज खोलीभर झाला – "अहो बाइंडर, येताय ना? चारला खिडकी बंद होते हं. नंतर मी काही करू शकणार नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं जमिनीकडे बघितलं.

"खोटं बोललात."

"तुमचं ऐकलं मी... काकांचं ते. माझं काय, आज नाही तर पुढच्या वर्षी..."

"नमुना कुठाय?"

"अं?"

"नमुना घ्या आणि खाली चला! पळा! स्कूटर खालीच आहे. काकू, घराकडे बघा!"

स्कूटर तिनं कशी चालवली ते ती आणि रस्त्यातली माणसंच जाणोत. चारला तीन मिनिटं कमी असताना तो नमुना छातीशी धरून ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत होता. ती खाली थांबली आणि तिनं स्वतःहून काकांना फोन लावला.

"उघडलं. न मोडता. पण काका, खरं सांगते. मी ड्रिल काढलं होतं आणि लावणारही होते, आतल्या माणसाचा खोळंबा होत होता म्हणून. पुन्हा तशी वेळ आली तर लावीन. तुमच्या अटीत बसत नसेल तर आत्ताच सांगा. पण काम मी बाहेरचंच करणार. तुमच्या दुकानातून नाही, तर माझ्या पिशवीतून."

काका खाकरले. "माणूस अडला असेल तर लावायचंच असतं. तुझा बापही लावायचा." आणि थोडं थांबून, "त्या नव्या माणसाला नको म्हणून कळवतो. सोमवारी लवकर ये, तीन पत्ते आहेत."

तो पायऱ्या उतरून आला तेव्हा ती डोळे पुसत हसत होती.

"मिळालं?" तिनं विचारलं.

"मिळालं. तुमचं?"

"माझंही."

"मग... म्हणजे... मला विचारायचं होतं, की उद्या रविवार आहे, तर तुम्हाला जर... म्हणजे वेळ असेल..."

"चेंगट!" ती म्हणाली. आज घाबरायचं नाही हे ठरलं होतं. "मी सांगते. तू मला आवडलास. चेहरा दिसायच्या आधीच आवडलास. आता बोल."

त्याचे कान लालबुंद झाले. मग त्यानं हात पुढे केला – तोच, लांब बोटांचा – आणि तिचा हात धरला. या वेळी तिनं सोडवून घेतला नाही.