शंभरच्या जोडीला सहासष्ट

पुण्याहून सांगलीला निघालेली एसटी साताऱ्यात पोवई नाक्यावर पंक्चर झाली. उतारूंमधला एक तरुण, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून, दादासोंच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या वळचणीला येऊन उभा राहिला. बाहेर भुरभुर चालूच होती.

दुकानात काम करणाऱ्या मायानं आतून पाहिलं आणि तिचा जीव कळवळला.

"अहो, बाळाला भिजवताय की! आत या."

तो आत आला, त्यानं चादर बाजूला केली... आत कॉम्प्युटर होता.

"बाळ जरा वजनदार आहे," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

त्याचं नाव नागसेन. सांगलीला विश्रामबागेत त्याचं लग्नपत्रिका आणि हँडबिलं करून द्यायचं छोटं डीटीपी सेंटर होतं. पुण्यात मशीनला नवा बोर्ड आणि जास्तीची रॅम बसवून घेतली, पण मशीन तिथंच दोनदा अडकलं होतं.

"गाडीचं चाक बदलेपर्यंत बघता का?"

मशीन जोडणं, दुरुस्त करणं हे मायाचंच काम. तिनं झाकण काढून आत मान वाकवली. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या.

"ही जुनी, सहासष्ट मेगाहर्ट्झची. ही नवी, शंभरची. आणि बोर्डाचा वेग ठेवलाय शंभरवर."

"मग शंभर चांगलंच की."

"घरी शेती आहे?"

"मामाची. माधवनगरच्या पुढं."

"मग सांगा, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला खोंड जुंपला आणि खोंडाच्या चालीनं गाडी हाकली तर?"

"म्हातारा वाटेतच बसेल."

"तुमचं मशीन तेच करतंय. दोन्ही पट्ट्या एकाच चालीनं चालतात. धीम्या पट्टीला झेपेल तीच चाल ठेवायची."

"आणि उद्या दोन्ही याहून वेगवान आणल्या तर?"

"तरी हा बोर्ड शंभराच्या वर जायचा नाही. पट्टीवरचा आकडा म्हणजे ती किती धावू शकेल तो. किती धावायचं, ते बोर्ड ठरवतो."

"म्हणजे नुसती ताकद असून भागत नाही," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी... चल म्हणावं लागतं."

मायानं वर पाहिलं. तो फार लक्ष देऊन कॅबिनेटमधला पंखा बघत होता.

बोर्डावर वेग ठरवणारी नखाएवढी काळी टोपी असते, जंपर म्हणतात तिला. मायानं ती शंभरवरून काढून सहासष्टवर बसवली. "जुनी पट्टी बदलेपर्यंत असंच राहू द्या. सगळंच जरा सावकाश होईल, पण अडणार नाही."

पुढच्याच आठवड्यात नागसेन पुन्हा हजर! मशीन अडत होतं. मायानं उघडलं तर जंपर परत शंभरवर.

"खड्ड्यांनी सरकला असेल," तो म्हणाला. "कराडपर्यंतचा रस्ता तुम्ही बघितला नाही, मॅडम."

ती हसली. जंपर बसवून तिनं त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुकानाची ती रीतच होती, नंतर कुणी हात लावला तर कळावं म्हणून. नेलपॉलिश मात्र तिचं स्वतःचं होतं. नागसेन ठिपक्याकडे बघत होता, आणि मग तिच्या बोटांकडे...

तो गेल्यावर दादासो गल्ल्यावरून म्हणाले, "माया, तुज्या हातचं काम माघारी याय लागलंय. अजून एकदा आलं तर दुरुस्तीला कराडचं ते पोरगं ठेवतो. तू बिलं लिहीत बस."

बिलं लिहायला ती हे काम शिकली नव्हती.

आणि नागसेन पुन्हा आला. चादर तीच, हसू तेच.

मायानं झाकण काढलं. लाल ठिपका फुटलेला, जंपर शंभरवर आणि शेजारी नखाचा ओरखडा.

"हा सरकलेला नाही," ती म्हणाली. "सरकवलेला आहे."

तो चादरीची घडी घालू लागला.

"का?"

"इथं यायला... दुसरं निमित्त सुचेना."

तिच्या काळजात काहीतरी लख्ख उजळलं. पण लगेच आतल्या खोलीतून दादासोंचा खोकला ऐकू आला.

"तुमच्या निमित्तापायी माझं काम जातंय," ती म्हणाली.

नागसेनचा चेहरा उतरला. दादासो गल्ल्यावर येऊन बसत होते, दोन गिऱ्हाईकं उभी होती. तो थेट त्यांच्यासमोर गेला.

"मॅडमच्या कामात खोट नाही. मशीन मीच बिघडवून आणत होतो. दोन्ही वेळा."

"सोताच्या मशीनचा वैरी हाईस व्हय रं?"

"त्यांना भेटायला... आवडतात त्या मला." त्याचे कान तापले होते, पण तो थांबला नाही. "त्यात माझ्या गिऱ्हाईकांच्या पत्रिकाही उशिरा गेल्या. एका नवरदेवाच्या बापानं लय शिव्या घातल्या."

गिऱ्हाईकं हसू दाबायला भिंतीकडे वळली. दादासोंनी दाबलं नाही.

"दुसऱ्याची लग्नं लटकवून सोताचं जुळवाय निघालाय गडी! माया, कराडच्या पोराला नको म्हणून सांगतो, जा."

"आधी म्हणा, माझं काम चुकलं नव्हतं."

"न्हवतं, बाई. चुकलं न्हवतं."

मायानं जंपर सहासष्टवर बसवला, झाकण लावलं, स्क्रू घट्ट पिळले. नागसेन खाली मान घालून चादर गुंडाळत होता.

"आता यायला काही कारणच उरलं नाही," तो पुटपुटला.

"रविवारी दुकान बंद असतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"म्हणून तर सांगतेय..." तिनं पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "रविवारी या."