उत्तराच्या ओळी

वैष्णवीला नीटनेटकेपणाचा रोग आहे, असं तिची आई म्हणायची. मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या, चार्जरच्या वायरींना चिठ्ठ्या, मग पीएच.डी.च्या संदर्भांना ती मोकळं कसं सोडणार? अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी तिचं टेबल होतं, आणि लॅपटॉपवरच्या संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं सगळं जग रांगेत उभं होतं. पुस्तकं, लेख, गावोगावच्या बायकांच्या गाण्यांची रेकॉर्डिंग्ज. प्रत्येक नोंदीच्या कडेला ‘संबंधित’ असा एक रकाना असे. एक नोंद दुसरीला जोडली की दोन्हीकडे एकमेकींची नावं दिसायची. ही जोडणी सॉफ्टवेअर आपण होऊन करत नाही, ती माणसानं करायची असते. वैष्णवीला त्यात स्वेटर विणण्याइतकं सुख मिळायचं.

तिचा विषय होता धवला. इकडच्या आगरी लग्नांत मंगलाष्टकांच्या कितीतरी आधी धवलारीण मांडवात येऊन बसते आणि मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मेढ, रोवण्यापासून हळदीपर्यंत एकेका विधीचं गाणं गाते. बदलापूर गावातल्या जनाबाई अशा जुन्या धवलारीण. त्यांची गाणी दोन तोंडांची होती. जनाबाई प्रश्नाची ओळ म्हणायच्या, जोडीदारीण राजाबाई उत्तराची. एकीनं दुसरीची ओळ चुकूनही तोंडात घ्यायची नाही, एकटी असतानासुद्धा नाही, असा त्यांच्यात दंडक होता. दंडक इतका पाळला की राजाबाई एकाएकी गेल्या तेव्हा उत्तरं त्यांच्याबरोबरच गेली. त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. ऐकली असती तर जनाबाईंनी ती ओळखली असती, पण तोंडावर आणायची त्यांना मुभा नव्हती. त्यांच्याकडे उरले नुसते प्रश्न.

आणि आता जनाबाईंच्या नातीचं, हिमानीचं लग्न ठरलं होतं.

“आज्जी, डीजे आहे ना,” हिमानी समजूत घालत म्हणाली. “मेढीचं गाणं नसलं तरी चालेल.”

“तुझ्या बापाच्या लगनात बी असंच बोलले सगले,” जनाबाई म्हणाल्या. “मी मेढीशी बसले नि मुकी उठले. आता मरायच्या आधी येकदा तरी पुरा म्हनंन, नायतर माझ्या माघारी कोन इचारनार नि कोन सांगनार?”

मग त्या वैष्णवीकडे वळल्या. “तू एवरी गावं फिरतस. सोध ना गो बाय.”

वैष्णवी हो म्हणाली. हो म्हणताना तिला ठाऊक होतं की हे सापडणारं नाही. बदलापूरपासून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत तिनं म्हाताऱ्या गाणारणींसाठी सगळी गावं पालथी घातली होती. जनाबाईंच्या चार प्रश्नांची नोंद तिच्या संग्रहात एकटीच पडून होती, आणि तिचा ‘संबंधित’ रकाना रिकामा होता.

एका सकाळी तो रिकामा नव्हता.

जनाबाईंच्या प्रश्नांना जोडली होती कीर्तीची एक नोंद. संग्रह वैष्णवीचा आणि तिच्या दोन सहसंशोधकांचा सामाईक होता. कीर्ती उल्हासनगरच्या सिंधी बायकांची लग्नगीतं जमवायची, प्रज्वल जुन्या कामगारांच्या मुलाखती. जोडलेली नोंद होती उल्हासनगरच्याच कॅम्प एक वस्तीतल्या एका सिंधी आजींच्या गाण्याची. वैष्णवीनं लगेच फोन लावला.

“मी कशाला जोडू यार?” कीर्ती म्हणाली. “मला तुझा धवला कळत पण नाही.”

प्रज्वल म्हणाला, त्यानं कित्येक दिवसांत सॉफ्टवेअर उघडलंच नव्हतं, आईशप्पथ. वैष्णवीनं ती जोडणी काढून टाकली आणि चहा टाकला. परत येऊन पाहते तर जोडणी जागेवर. वैतागून, निदान चूक कुठली ते तरी कळावं म्हणून, तिनं कीर्तीचं रेकॉर्डिंग लावलं.

कापडाच्या दुकानावरची खोली. पंख्याची घरघर, खालून गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस. आजी गात होत्या. मध्येच गाणं थांबलं. कुणीतरी खोकलं, मडक्यातून पाणी ओतल्याचा आवाज झाला, ग्लास खाली ठेवला गेला. आणि मग पंख्याच्या मागून, लांबून, एक बाई गायली:

“उबं सूर्येदेव, हाती सोन्याची परात.”

वैष्णवीनं हेडफोन काढले. खिडकीबाहेर समोरच्यांच्या दोरीवर चादरी वाळत होत्या. तिनं हेडफोन पुन्हा लावले. ओळ होती तशीच होती. जनाबाईंचा पहिला प्रश्न तिला पाठ होता: उगवतीच्या दारान कोन ग उबं?

दोन दिवसांनी दुसरी जोडणी आली. प्रज्वलची नोंद, बुवापाड्यातल्या एका निवृत्त कामगाराची. आजोबा भट्टीच्या धगीबद्दल सांगत होते, आणि त्यांच्या बोलण्याखालून तोच आवाज वाहत होता, “वाकली उल्हास माय, भरते पिवली घागर.” त्यानंतर विठ्ठलवाडी डेपोच्या एका जुन्या कंडक्टरची मुलाखत. बसच्या इंजिनाच्या मागे, “चालली वाऱ्याची सून, पदरान पाऊस बांधून.” नदीच्या काठान कोन ग वाकलं, डोंगराच्या पाठीन कोन ग चाललं. प्रश्नाला उत्तर अगदी चपखल बसत होतं. तीन जागा, तीन वेगळे दिवस, तिन्ही ठिकाणी वैष्णवी कधी गेलेली नाही, आणि गाणारी एकच.

तिला भीती वाटायला हवी होती. पण लहानपणी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यात उतरून मान वर केली की छताच्या जागी उघडं आकाश दिसायचं आणि पाय जागचे हलायचे नाहीत, तसं काहीसं तिला झालं. ती बराच वेळ हात जोडल्यासारखी बसून राहिली. हे सगळं आपल्यासाठी चाललंय याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच थोडी लाज वाटली.

जनाबाईंना तिनं ते ओटीवर बसून ऐकवलं. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या ओळीला त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

“राजाबाईच ना?” वैष्णवीनं विचारलं.

“सबूद तिचंच. गला तिचा नाय.” जनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “पयला लाव परत.”

पंखा, खोकला, पाणी, ओळ.

“खोकली ती नि गायली ती येकच,” जनाबाई म्हणाल्या. “राजी मांडवान कंदी खोकली नाय.”

“मग ही कोण?”

जनाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, इतका वेळ की वैष्णवीला नजर खाली घ्यावी लागली. “चाय घे,” त्या म्हणाल्या. “निवते.”

“आजी, चौथी ओळ राहिली. ती नाही सापडली.”

“ती सापरायची नाय. मेढीला हात लावल्याबिगर ती कोनाच्या तोंडान येत नाय. तीन पाठ कर. माझ्या बाजूला तू बसशील.”

“मी? आमचं मूळ घाटावरचं, आजी. बायका काय म्हणतील?”

“म्हनू दे.”

बायका म्हणाल्याच. मेढीच्या दिवशी सकाळी मांडवात कुजबुज झाली, एकीनं नाक मुरडलं. पण हिमानीच्या आईनं रीत सोडली नाही. जोडीदारणीचा मान म्हणून तिनं वैष्णवीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. वैष्णवीनं जन्मात बांगड्या घातल्या नव्हत्या, हात हलवला की काचेच्या किणकिणीनं ती स्वतःच दचकायची. फोन तिनं रेकॉर्ड करायला लावून मेढीच्या बुंध्याशी ठेवला.

जनाबाईंनी सूर लावला. “उगवतीच्या दारान कोन ग उबं?”

वैष्णवीनं तोंड उघडलं आणि चुलीचा धूर वळून थेट तिच्या घशात गेला. तिला जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, पुढचं दिसेना. मागून कुणीतरी ग्लास पुढं केला. सुरकुतलेला हात होता, मनगटात जाड सोन्याचं कडं. ती घोटभर प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि गायली.

जनाबाईंच्या पापण्याही लवल्या नाहीत. जणू ठसका गाण्यातलाच होता.

दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. नाक मुरडणारी पुढं सरकून बसली होती.

“मांडवाच्या मेढीला कोन ग टेकलं?”

वैष्णवीनं मेढीवर हात ठेवला. लाकूड ओलं होतं, वर बांधलेली आंब्याची डहाळी मनगटाला लागत होती.

आणि तिच्या तोंडून ओळ आली.

“टेकली येनारी बाय, जी अजून आली नाय.”

हिमानी आजीला बिलगली. जनाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा वैष्णवीच्या. “झाला पुरा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा कोवळ्या पोरीसारखा दिसत होता.

संध्याकाळी घरी येऊन वैष्णवीनं मांडवातलं रेकॉर्डिंग संग्रहात टाकलं. तिनं अजून नावही लिहिलं नव्हतं. ‘संबंधित’मध्ये तिन्ही जुन्या नोंदी येऊन बसल्या होत्या.

तिनं आपलं रेकॉर्डिंग ऐकलं. मग कॅम्प एकचं. मग पुन्हा आपलं. ठसका तोच होता. ओळीतलं श्वास घेण्याचं ठिकाण तेच होतं. कॅम्प एकच्या रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर कानांतून बाजूला केली की तिच्या मागे एक बारीक किणकिण होती, काचेची. आणि त्याच्याही मागे, आता ओळखू येत होतं म्हणून ऐकू येत होतं, मांडवातल्या बायकांची कुजबुज.

कीर्तीचं रेकॉर्डिंग गेल्या हिवाळ्यातलं होतं.

नोंदीत गाण्याचा स्रोत लिहायचा रकाना होता. या ओळी ती रेकॉर्डिंगमधून शिकली होती. रेकॉर्डिंगमध्ये तीच गात होती. तिनं एका नोंदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर क्लिक केलं, आणि फिरून मांडवात आली. रकाना तिनं तसाच सोडला. चिठ्ठी न लावलेली ती तिची पहिलीच वस्तू.

फोन वाजला. कीर्ती होती.

“अगं, आज परत गेले होते कॅम्प एकला, त्या आजींकडे. वय झालंय गं त्यांचं. मला म्हणतात, ‘वो हरी चूड़ियोंवाली लड़की नहीं आई आज? उस दिन पीछे बैठके गा रही थी.’ मी म्हटलं, अम्मा, मैं तो अकेली आई थी. ऐकतच नाहीत.”

वैष्णवीनं मनगटाकडे पाहिलं. “अजून काय म्हणाल्या?”

“काही नाही. म्हणाल्या, ‘बहुत खाँसी आई थी बेचारी को, मैंने पानी दिया था. पूछना, गला ठीक हुआ क्या.’”